हरणशिंगी की सांबरशिंगी

मार्सेला लग्न होऊन वाकडी विहीर या गावी आली तेव्हा तिला ट्रक चालवता येत होता, पंक्चर काढता येत होतं, हातभर रुंद पोळी कोपरावर झुलवून कागदासारखी पातळ करता येत होती, आणि माहेरच्या बँडमधला अकॉर्डियनवाला रुसून बसला तर त्याच्या जागी बसून वेळ मारून नेता येत होती. चोया ओळखता येत नव्हती. पण ते लग्नाआधी कुणी विचारलंच नाही.

तिचं माहेर गिला नदीच्या काठचं. तिकडचे लोकही ओधाम जमातीचेच, बोली तीच, सणवारही तेच. पण नदीकाठी कालवा, कापूस आणि गहू. चोया निवडुंग तिकडेही होता, नव्हता असं नाही, पण त्याच्या जाती दोनच मानत. एक टोचलेली आणि दुसरी अजून टोचायची राहिलेली. सासर मात्र आत, भर वाळवंटात. इथे एप्रिल लागला की अख्खं गाव बादल्या आणि लांब चिमटे घेऊन चोयाच्या कळ्या काढायला बाहेर पडे. त्या कळ्या भट्टीत भाजून, वाळवून वर्षभर पुरवायच्या. आणि कोणत्या चोयाच्या कळ्या काढायच्या हे ज्याला कळत नाही, तो माणूस गावाच्या लेखी अजून रांगतच होता.

पहिल्याच एप्रिलात मार्सेलाला नणंदेनं ट्रकमध्ये घातलं. अल्बर्टा तिच्या नवऱ्याची, म्हणजे हार्लनची, थोरली बहीण. अंगानं भरदार, डोक्यावर गवताची मोठी टोपी. ट्रक हार्लन चालवायचा, पण चालवायची अल्बर्टाच. खिडकीतून हात बाहेर काढून ती धावत्या ट्रकमधून झाडं वाचत जायची. ती हरणशिंगी, तिच्या काढायच्या. ती सांबरशिंगी, तिच्या काढल्या तर चालतं, पण सणाला नाही. ती माळेची, तिच्या वाटेला जायचं नाही. हे सगळं इतक्या भराभर की मार्सेला एका झाडाकडे बघेपर्यंत ते मागे गेलेलं असे, आणि ती मान हलवून "हो वन्सं" म्हणत असे.

मग ओढ्याच्या दोन्ही अंगांना सगळे पांगले. मार्सेलाला पलीकडच्या काठावर एक चांगलं पुरुषभर उंच झाड सापडलं. अंगाखांद्यावर हिरव्यागार, टपोऱ्या कळ्यांचे घोसच्या घोस लोंबत होते. बाकीच्या बायका एकेक कळी जपून खुडत होत्या आणि इथे चिमटा घालेल तिथे घोसच हाती लागत होता. आपल्या हाताला चांगलाच गुण आहे, असं वाटून मार्सेला खूश झाली. तिची बादली सगळ्यांच्या आधी भरली. ती परत आली तेव्हा नुसती बादलीच भरलेली नव्हती. तिच्या कमरेला, कोपराला, पाठीवरच्या वेणीला आणि एका बुटाला निवडुंगाची पेरं लटकत होती. ते झाड माळेच्या चोयाचं. तिच्या जरा जवळ गेलं की तिचं पेर उडी मारून अंगावर बसतं असं म्हणतात. ते काही खरं नाही. पण तिचं पेर अंगावर बसल्यावर उडी मारतो ते आपणच.

अल्बर्टानं बादलीत बराच वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मार्सेला, ह्या कळ्या नाहीत गं. ही फळं आहेत. ह्यातली काही तुझ्या लग्नाच्या आधीची असतील."

त्या दिवसापासून मार्सेलाचं नाव उडी पडलं. मोठ्यांची उडी, धाकट्यांची उडीवहिनी, आणि पुढे ती शाळेची पिवळी बस चालवायला लागली तेव्हा साऱ्या पोरांची उडीमावशी. नाव कुणी वाईटपणानं घेत नव्हतं. पण दुकानात, देवळात म्हणजे गावच्या चर्चमध्ये, नाचाच्या मांडवात, कुठेही कुणी "उडी" म्हणून हाक मारली की तिला कमरेत बारीक कळ यायची.

तिनं ठरवलं की आता शिकायचंच. विचारायचं कुणाला, हा प्रश्न होता. अल्बर्टाला विचारणं म्हणजे पुन्हा एक नाव पदरात घेणं. सासूबाईंना सगळं येत होतं, पण त्या जन्माच्या अबोल. त्या झाडापाशी उभ्या राहून फक्त "काढ" किंवा "नको" एवढंच म्हणत, आणि का म्हणून विचारलं तर पुढच्या झाडाकडे चालू लागत. म्हणून मार्सेला टोचून घेत घेतच शिकली. माळेचीची फळं एकाखाली एक माळेसारखी लोंबतात, हे तर तिला जन्माचं कळलंच होतं. अस्वली चोया लांबून सोनेरी, गुबगुबीत, उचलून कडेवर घ्यावी अशी. मार्सेलाच्या चुलतभावानं फोटोसाठी एका अस्वलीच्या खांद्यावर हात टाकला होता, आणि त्या फोटोत तो हसत नाहीये. पेन्सिल चोया बोटाएवढी बारीक, पण काटा एकेकच आणि लांबलचक, आणि तो बाहेर काढला तरी त्याचं पातळ टरफल आतच राहतं आणि आठवडाभर तुमच्याशी बोलत राहतं. नाताळी चोया त्याहून किडकिडीत. थंडीत बारीक लाल फळांनी भरते म्हणून ते नाव. बस चालवायला लागल्यावर तर तिनं थांब्यांनाच ही नावं दिली. पोरं म्हणत, मला अस्वलीपाशी उतरव, मला नाताळीपाशी. शाळेच्या कार्यालयातल्या बाईंनी एकदा विचारलं की ही अस्वली कोण, आणि त्यांच्या घरी कोणी मोठं माणूस असतं का.

अशा रीतीनं सगळ्या जमल्या. उरल्या दोन. हरणशिंगी आणि सांबरशिंगी.

आता या दोघींचं काय सांगावं. दोघी छातीएवढ्या उंच. दोघींच्या फांद्यांना शिंगांसारखे फाटे. दोघींच्या अंगावर हिरव्यात जांभळी झाक. फूल पिवळं म्हणावं तर शेजारचीला तांबडं, तांबडं म्हणावं तर पलीकडे तांबूस पिवळं, आणि हे सगळे रंग या जातीतही आणि त्या जातीतही. कळ्यांची चवही सारखीच, असं हार्लन म्हणे, पण तो हे बहिणीसमोर म्हणत नसे. एके वर्षी थंडीत सासूबाईंनी काठी उचलून एका झाडाकडे बोट केलं आणि त्यांच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात लांब भाषण केलं. "सांबरशिंगीचं फळ हिरवं राहतं. हरणशिंगीचं वाळून काटेरी होतं, गळून जातं." एवढं बोलून त्या दमल्या आणि ट्रकमध्ये जाऊन बसल्या.

मार्सेलाला गड जिंकल्यासारखं झालं. जिथे थंडीतही जुनं फळ हिरवं आणि गुळगुळीत लटकलेलं दिसेल ती सांबरशिंगी, बस. पुढच्या एप्रिलात तिनं ट्रकमधूनच तीन-चार झाडं अल्बर्टाच्या आधी सांगितली. अल्बर्टानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जुनं फळ बघून सांगण्यात काय मोठं, ते गाईलाही कळतं. बिनफळाची ओळखून दाखव.

आणि गावात एक बिनफळाची होती. देवळामागे सॉफ्टबॉलचं मैदान, त्याच्या डाव्या टोकाला, हद्दीच्या दोराला लागूनच. सासूबाई वारल्यावर गावानं ती जागा साफ करून मैदान केलं, तेव्हा उखडलेल्या मातीत कुठलं तरी पेर रुजलं आणि बघता बघता छातीएवढं झालं. दरवर्षी त्याला फुलं येत, फळं धरत, आणि दरवर्षी पाऊसकाळ संपायच्या आत रानडुकरं आणि गाई ती साफ करून टाकत. त्यामुळे ती हरणशिंगी की सांबरशिंगी हे सांगायला फळाचा पुरावाच नव्हता. अल्बर्टा म्हणे हरणशिंगी. मार्सेला म्हणे सांबरशिंगी. तिला असं का वाटतं असं कुणी विचारलं तर ती फांदीचा बाक, काट्यांचा रंग असं काहीबाही सांगायची. खरं कारण एवढंच होतं की अल्बर्टा हरणशिंगी म्हणत होती.

एका एप्रिलात मार्सेलानं डाव टाकला. त्या झाडाची एक फांदी कापून, चिमट्यात धरून ती अल्बर्टाच्या दारात गेली आणि म्हणाली, पवनचक्कीपाशी सापडली, कोणती असेल हो? अल्बर्टानं कांदा चिरता चिरता नजर टाकली आणि सांबरशिंगी म्हणून सांगितलं. आठवड्यानं तीच फांदी मार्सेलानं पुन्हा नेली. आता ती दफनभूमीपाशी सापडली होती. अल्बर्टा म्हणाली, हरणशिंगी. रविवारी प्रार्थना संपल्यावर, सगळं गाव देवळाच्या ओसरीत उभं असताना, मार्सेलानं ती फांदी वर धरून हा सगळा किस्सा सांगितला.

लोकांनी अल्बर्टाकडे पाहिलं. अल्बर्टाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती म्हणाली, "फांदी तोडली की झाडाचा स्वभाव बदलतो. नदीकाठच्या माणसाला हे कळायचं नाही."

आणि गंमत अशी की अर्ध्या गावाला हे पटलं. त्या दिवसापासून वाकड्या विहिरीत दोन तट पडले. हरणवाले आणि सांबरवाले. ओट्यावर, दुकानात, पाण्याच्या टाकीपाशी हाच विषय. ज्यांनी जन्मात कळी खुडली नव्हती तेही काट्यांच्या लांबीवर बोलायला लागले. हार्लनला दोन्हीकडचे लोक विचारत, तू कोणाच्या बाजूचा? तो म्हणे, मला दोन्ही टोचतात.

शेवटी असं ठरलं की यंदाची फळं टिकवायची. मे महिन्यात फुलं गळाली तशी हार्लननं झाडाभोवती कोंबड्यांची जाळी ठोकली, म्हणजे रानडुकरं आत येणार नाहीत. जाळी लागली आणि लगेच संशय सुरू झाला. अल्बर्टा म्हणाली, ही उडी बसमधून येता-जाता झाडाला पाणी घालते, फळं हिरवी राहावीत म्हणून. मार्सेला म्हणाली, वन्संनी दुपारचं आरसा घेऊन उभं राहायचं बंद केलं पाहिजे, उन्हाची तिरीप मारून फळं वाळवतात. दोन्ही आरोप खोटे होते. निदान आरशाचा तरी. मग असं ठरलं की झाड झाकूनच टाकायचं. कुणी बघायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. नोव्हेंबरात गावच्या संताचा उत्सव असतो, त्या दिवशी सगळ्यांसमोर झाकण काढायचं. फळ हिरवं तर सांबर, वाळलेलं तर हरण. झाकायला अल्बर्टानं तिची गुलाबांची जुनी चादर दिली. ती जाळीवरून पांघरून मार्सेलानं चारही बाजूंनी तारेनं गच्च बांधली, आणि अल्बर्टानं प्रत्येक गाठ ओढून पाहिली.

तो उन्हाळा त्या चादरीचा होता. वारा आला की गुलाब फुगायचे. गावातली कुत्री सुरुवातीला तिच्यावर भुंकली, मग तिच्या सावलीत झोपायला लागली. रस्त्यानं जाणारी परकी माणसं गाडी थांबवून फोटो काढत. नवीन तरुण पाद्री पहिल्यांदा गावात आले तेव्हा त्यांनी मैदानाच्या टोकाला ते झाकलेलं काहीतरी पाहिलं, टोपी काढली, आणि कितीतरी वेळ मान खाली घालून उभे राहिले. हार्लन तिथे हद्दीचा दोर ताणत होता. त्याला राहवेना.

"फादर," तो म्हणाला, "आत निवडुंग आहे."

"अस्सं. मग झाकलाय कशासाठी?"

"बायकोसाठी," हार्लन म्हणाला. "आणि बहिणीसाठी."

पाद्रींनी जरा विचार केला आणि टोपी परत डोक्यावर घातली.

या सगळ्यात एकाचा मात्र मोठाच फायदा झाला, आणि त्याचा कुणाला पत्ता नव्हता. शेजारच्या टेकडीच्या पायथ्याशी एक रानउंदीर राहत होता. या उंदरांना घर बांधायची फार हौस. चोयाची पेरं दातात धरून आणतात आणि दाराभोवती त्यांचा ढीग रचतात, म्हणजे कोल्हा आला तर टोचलेलं नाक घेऊन परत जातो. त्या उंदराला कुणीतरी आयतीच जाळी, वर छप्पर, आणि गुलाबांचे पडदे लावलेला वाडा बांधून दिला होता. तो जाळीखालून बीळ काढून आत शिरला आणि मेपासून नोव्हेंबरपर्यंत त्यानं मन लावून संसार मांडला.

उत्सवाचा दिवस उजाडला. सकाळी प्रार्थना झाली, संताची मिरवणूक निघाली. लाल मिरचीचा रस्सा, टेपरीच्या बारीक दाण्यांची उसळ, तळलेल्या रोट्या. मांडवात बँड बसलेला. दुपारी लग्न झालेल्या पुरुषांचा पलीकडच्या गावाशी सॉफ्टबॉलचा सामना, आणि सामना संपला की चादर काढायची. बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं की चादर हलली की वाजवायला लागा. अल्बर्टा खुर्ची घेऊन हद्दीपाशी बसली, मार्सेला तिच्या शेजारी, दोघींच्या मध्ये पाण्याचा एकच थर्मास.

हार्लन डाव्या टोकाला उभा होता. त्याचं वय आता तिथं उभं राहण्याचं नव्हतं, पण तो म्हणे की त्या बाजूला चेंडू येतच नाही. त्या दिवशी आला. पाहुण्यांच्या एका धिप्पाड गड्यानं असा उंच मारला की क्षणभर चेंडू उन्हात दिसेनासाच झाला. हार्लन वर बघत मागे सरकायला लागला. लोक ओरडायला लागले. हार्लनला वाटलं आपल्याला चेव देताहेत. इतकी वर्षं खेळला, कुणी त्याच्यासाठी ओरडलं नव्हतं. तो आणखी जोरात मागे पळाला. अल्बर्टा उभी राहिली. मार्सेला उभी राहिली. हार्लननं हात वर केला, चेंडू बरोबर हातमोज्यात पडला, आणि तो पाठीवर दोर, जाळी, गुलाब, चोया आणि उंदराचा सगळा संसार घेऊन आडवा झाला.

बँड वाजायला लागला. चादर हलली होती ना.

उंदीर हार्लनच्या छातीवर चढला, तिथून एकदा सगळ्या गावाकडे पाहिलं, आणि टेकडीकडे निघून गेला. हार्लन हलला नाही. हलण्यात अर्थ नाही, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. त्याचा हात तेवढा वर होता आणि हातात चेंडू होता. पंचांनी फलंदाज बाद दिला. पलीकडच्या गावाचं म्हणणं पडलं की चेंडू हद्दीबाहेर धरला, आणि त्यावर वाद सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

चौघांनी मिळून हार्लनला चादरीसकट उचललं आणि त्याच्याच ट्रकच्या मागच्या फळीवर पालथा घातला. मार्सेलानं अंगात रुतलेली पेरं उपसायला कंगवा, पक्कड आणि चिमटे मागवले. अल्बर्टा भावाजवळ आली, वाकली, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, की फळं कुठे आहेत.

फळं हार्लनच्या अंगावर होती. झाड तर भुईसपाट झालं होतं. जे काही शिल्लक होतं ते त्याच्या पाठीवर. गाव गोल करून उभं राहिलं. मार्सेलानं खांद्यावरून एक फळ उचललं. हिरवं, टपोरं, गुळगुळीत.

"सांबरशिंगी," ती म्हणाली, आणि सांबरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

अल्बर्टानं चिमट्यानं पोटरीवरून एक ओढलं. वाळलेलं, काटेरी, तपकिरी. तिनं ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. हरणवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मग मार्सेलाला आणखी एक हिरवं सापडलं. अल्बर्टाला आणखी दोन वाळलेली. मोजणी अशी अगदी रंगात आली असताना फळीवरून आवाज आला की निकाल सावकाश लावा, पण आधी खालच्या अंगाचं काढा.

खालच्या अंगाला गेल्यावर मार्सेलाच्या लक्षात आलं. तिथे माळेच्या फळांची एक लड होती. तिच्या शेजारी अस्वलीची दोन पेरं. कमरेत पेन्सिलीचा काटा. माळेची आणि अस्वली या झाडावर कशा लागतील? तिनं वळून मोडक्या जाळीकडे पाहिलं, तिथला तो ढीग पाहिला, आणि तिला कळलं की हा सगळा टेकडीभरचा माल आहे. उंदरानं जे मिळेल ते आणून कोंबलं होतं. यातलं या झाडाचं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे ओळखायला आता साक्षात सासूबाई आल्या असत्या तरी "नको" म्हणून ट्रकमध्ये जाऊन बसल्या असत्या.

ती हे अल्बर्टाला सांगणार, तेवढ्यात अल्बर्टाच तिच्या कानाशी वाकली. चिमट्यात एक छोटं पेर होतं. तिचा आवाज एवढा खाली गेलेला मार्सेलानं कधी ऐकला नव्हता.

"मार्सेला, ही कोणती गं?"

मार्सेलाला वाटलं थट्टा करते आहे. पण अल्बर्टाच्या कपाळावर घाम होता. ते पेर अस्वलीचं होतं. बसमधलं लहान पोरही सांगू शकलं असतं.

"वन्सं, ही अस्वली."

"बरं." अल्बर्टानं दुसरं पेर काढलं. "आणि ही?"

"तुम्हाला खरंच येत नाही?"

अल्बर्टानं ते पेर चिमट्यातच उलटंपालटं केलं. मग हळूच म्हणाली, लहानपणी आईनं तिला रस्त्याच्या कडेचं एकेक झाड दाखवलं होतं, हे काढ, हे नको. ती झाडं तिला पाठ होती. वळण, खडक, कुंपणाचा खांब आणि मग हरणशिंगी. जागा बघितली की नाव तोंडात यायचं. "झाडाकडे मी कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. "मैदानाचं हे झाड आई गेल्यावर उगवलं. मला कोण सांगणार?"

मार्सेलाच्या मनात काय काय आलं असेल. उडी हे नाव, ती पहिली बादली, ट्रकमधून धावत जाणारी ती सगळी वर्षं. समोर गाव उभं होतं, बँडही थांबलेला. आवाज जरासा चढवला असता तर काम झालं असतं. आणि तिनं आवाज चढवलाच.

"वन्सं म्हणतात, ही अस्वली," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पेर बादलीत टाकलं.

मग तेच सुरू झालं. मार्सेला ओठ न हलवता नाव सांगायची, अल्बर्टा ते खणखणीत आवाजात जाहीर करायची, आणि लोक माना डोलवायचे. माळेची. पेन्सिल. पुन्हा अस्वली. नाताळी. हार्लनचं डोकं दोघींच्या बरोबर मध्ये होतं, त्याला सगळं ऐकू येत होतं. पण कंगवा त्यांच्या हातात होता, म्हणून तो गप्प राहिला. एकदा घाईत अल्बर्टानं चुकून नाताळीला पेन्सिल म्हटलं, आणि मार्सेलानं तिच्या पायावर पाय दिला, तेव्हा ती म्हणाली, "पेन्सिल नव्हे असं मी म्हणत होते." शेवटचा काटा निघेपर्यंत ऊन कललं होतं आणि रस्सा दुसऱ्यांदा गरम करावा लागला होता.

लोकांना निकाल हवा होता. हरण की सांबर? अल्बर्टानं चिमटा खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि मार्सेलाकडे पाहिलं. मार्सेलानं खांदे उडवले.

"दोन्ही," अल्बर्टा म्हणाली. "अर्धं हे, अर्धं ते. असतात अशी झाडं."

असतातही. पण ते अल्बर्टाला माहीत होतं म्हणून ती म्हणाली, की सुचलं म्हणून, हे मार्सेलानं कधी विचारलं नाही. दोन्ही तट आपणच जिंकलो असं समजून जेवायला गेले, आणि जेवताना ज्याची त्याची शंका पुन्हा डोकं वर काढू लागली. पण तोवर नाच सुरू झाला होता.

पुढं असं झालं की चोयाचं मोडकं पेर मातीत पडलं की रुजतं, आणि त्या दिवशी मैदानाच्या डाव्या टोकाला पेरं काही थोडी पडली नव्हती. दोन-तीन वर्षांत तिथे चोयाचं बेटच उभं राहिलं, सगळ्या जातींचं, दाटीवाटीनं. दोर आत घ्यावा लागला, मैदान एका अंगानं चेपलं, आणि पलीकडचं गाव म्हणायला लागलं की वाकड्या विहिरीनं मुद्दाम मैदान लहान केलं. हार्लन पहिल्या बेसवर खेळायला लागला, जिथे पाठीमागे फक्त बाकं असतात.

मार्सेला पुढे बसवरून निवृत्त झाली. आता एप्रिलात त्या दोघी बरोबरच जातात. अल्बर्टा खिडकीतून बोट दाखवते, मार्सेला गाडी हळू करून बघते. कुठे अल्बर्टानं सांगितलेलं झाड केव्हाच मरून गेलेलं असतं, मग मार्सेला काही न बोलता शेजारच्या झाडापाशी उतरते, आणि हे चालेल का ते आधी फळ बघून ठरवते. भट्टीपाशी बसल्यावर अल्बर्टा नव्या सुनांना सांगते की उडीला सगळं मी शिकवलं. मार्सेला ते ऐकते आणि तारेच्या चाळणीवर कळ्या झाडूनं घासत राहते, कारण त्या वेळी तोंड उघडलं की काटे उडून आत जातात.

हार्लनच्या अंगात एक काटा राहिलाच होता. त्या उत्सवानंतरच्या ईस्टरच्या सकाळी प्रार्थना चालू असताना त्याच्या डाव्या कानामागे काहीतरी खुपलं, त्यानं हात नेला, आणि नखाएवढा, बारीक, पिवळसर काटा अलगद हातात आला. एका बाजूला बायको बसली होती, दुसऱ्या बाजूला बहीण. हार्लननं मूठ मिटली, आमेन म्हटलं, आणि बाहेर पडताना तो काटा गुपचूप दारातल्या कुंडीत टाकून दिला.